चिठ्ठी ठेवलेलं पुस्तक

"छान आहे, नक्की वाच." एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी बहुतेक पुस्तकं एवढ्याच शब्दांवर जातात आणि पुढे तिथंच पडून राहतात. घेणारा मनापासून हो म्हणतो. पुस्तक टीव्हीशेजारच्या फळीवर विसावतं, त्यावर लाइट बिल येतं, मग एखादी लग्नपत्रिका. सहा महिन्यांनी देणाऱ्याला परत मागायचा संकोच वाटतो, घेणाऱ्याला न वाचता परत करायचा. पुस्तक चांगलंच असतं आणि घेणाऱ्यालाही वाचायची इच्छा असते. पण आत कुठून शिरायचं, हे "छान" या शब्दातून कळत नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सूत्र आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. आणि तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसरं सूत्र ग्रंथालयं सांभाळतात. तिसरं मात्र आपल्यासारख्या हौशी वाचकांच्या हातात जास्त आहे, कारण शेजारच्या काकांना निवृत्तीनंतर काय वाचावंसं वाटतं, हे कुठल्याही ग्रंथपालापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असतं.

नाशिकमध्ये हे बोलायला चांगली पार्श्वभूमी आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली: २५ पुस्तकांची एक पेटी, ती एखाद्या सोसायटीत, कार्यालयात, कारागृहात जाते, तिथले लोक वाचतात, मग पेट्यांची अदलाबदल होते. नाशिकहून या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. वाचकानं ग्रंथालयात यायची वाट न बघता पुस्तकानंच दार वाजवायचं, ही कल्पना साधी आहे, म्हणून ती आपल्या इमारतीपुरती, आपल्या खर्चानं, कुणालाही करता येते. पंचवीसच्या त्या पेटीचा आदर्श समोर ठेवून घरगुती पेटी कशी उभी करावी आणि मुख्य म्हणजे त्यात पडणारी पुस्तकं शोधावी कशी आणि आत कुठून शिरायचं हे सांगणारी चिठ्ठी प्रत्येकात कशी ठेवावी, ते लिहितो.

आधी शोधणं. माझं ठाम मत आहे की पुस्तक शोधण्याआधी वाचणारा माणूस शोधावा. त्यासाठी वाचनालयात कपाटांकडे जाण्यापूर्वी परतीच्या टेबलापाशी थांबावं. नुकत्याच परत आलेल्या, अजून जागेवर न लागलेल्या पुस्तकांचा ढीग हा त्या गावाच्या आवडीचा त्या आठवड्यातला खरा नमुना असतो. जुन्या पुस्तकांत शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलेली सापडते. त्यावरचे शिक्के जवळजवळचे असतील तर पुस्तक हातोहात गेलेलं आहे. आता बऱ्याच ठिकाणी संगणक आले आणि शिक्के थांबले, पण आणखी एक खूण कुणी पुसू शकत नाही. पुस्तक मिटलेलं असताना पाठीच्या समोरची कड बघा, जिथं पानांच्या मोकळ्या कडा एका रेषेत येतात. खूप हाताळलेल्या पुस्तकात ती करडी, मळकट झालेली असते. हा मळका पट्टा शेवटपर्यंत गेला असेल तर लोकांनी पुस्तक पूर्ण वाचलंय. पहिल्या बोटभर जाडीतच तो संपत असेल आणि पुढची कड पांढरीशुभ्र असेल, तर बरेच वाचक त्याच जागी थांबले. अशी पुस्तकं टाकून देऊ नयेत. त्यातली काही उत्तम असतात, फक्त त्यांची सुरुवात जड असते. चिठ्ठीची खरी गरज त्यांनाच.

मग दहा मिनिटांची तपासणी. नामपृष्ठ उलटून मागचं पान वाचायचं: प्रथमावृत्ती कधीची, पुनर्मुद्रण किती वेळा, ही सुधारित आवृत्ती आहे का. आरोग्य, कायदा, संगणक यावरचं पुस्तक दहा वर्षांपूर्वीचं असेल आणि नंतर फक्त पुनर्मुद्रण झालं असेल, तर त्यातली माहिती जुनी आहे हे धरून चालावं. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं नाव, मूळ भाषा आणि अनुवादकाचं नाव हे तिन्ही दिलेलं हवं. मूळ भाषेचा पत्ताच नसेल तर अनुवादाचा अनुवाद असण्याचा संभव मोठा. त्यानंतर मधलं कुठलंही पान उघडून एखादा संवाद ओठ हलवून वाचायचा. माणसं अशी बोलतात का? जीभ अडखळली तर अनुवाद कच्चा आहे. मलपृष्ठावरचा मजकूर सगळ्यात शेवटी वाचावा, कारण तो विकण्यासाठी लिहिलेला असतो.

आवडलेल्या पुस्तकातून पुढचं पुस्तक काढायची सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे त्याचा ऋणनिर्देश. आपण ती पानं ओलांडून जातो. तिथं लेखकानं कुणाचं हस्तलिखित वाचून घेतलं, कुणाच्या लेखनाचा आधार घेतला, ते नावानिशी असतं. त्यातली दोन नावं घेऊन वाचनालयात गेलं की पुढच्या दोन महिन्यांची सोय होते. माहितीपर पुस्तकात शेवटी संदर्भसूची असते. तीन वेगवेगळ्या लेखकांच्या सूचीत एकच पुस्तक दिसलं, तर त्या विषयातलं ते पायाचं पुस्तक आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरी वाट दिवाळी अंकांची. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवा लेखक पहिल्यांदा भेटण्याची आपली जागा हीच. चालू वर्षाचे अंक सगळे बघतात. मी म्हणेन, पाच-सात वर्षांपूर्वीचे बघा. रद्दीत ते किलोवर मिळतात. तेव्हा एकाच कथेपुरता दिसलेला लेखक आज कुठं आहे, त्याचं पुस्तक आलं का, हे शोधताना फार चांगली नावं हाती लागतात. नाशिककरांना तिसरीही वाट आहे. मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. बोलणारा माणूस ओघात जी पुस्तकं सांगून जातो ती सहसा त्याच्या आयुष्यात खरोखर उपयोगी पडलेली असतात. फक्त ती त्याच क्षणी लिहून घ्यावी लागतात. घरी पोचेपर्यंत लेखकाचं आडनाव तेवढं उरतं.

लिहून घ्यायची ती वही साधी दोनशे पानी चालते. चार रकाने पुरेत: पुस्तक, कुणी सांगितलं, काय म्हणून सांगितलं, आणि वाचल्यावर काय वाटलं. यातला दुसरा रकाना लोक गाळतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की कुणाची आवड आपल्याशी जुळते ते आपोआप दिसतं. एखाद्यानं सांगितलेली सहाच्या सहा पुस्तकं आवडलेली असतात, दुसऱ्याची एकही नाही. दुसऱ्याशी मैत्री कायम ठेवावी, पुस्तकं पहिल्याकडून घ्यावीत.

आता पेटी. वीस घरं आणि पंचवीस पुस्तकं हे प्रमाण जमतं. प्रत्येक घरी एक पुस्तक गेलं तरी पाच पेटीत उरतात, म्हणजे बदलायला आलेल्या माणसाला निवड राहते. पुस्तकं कमी आणि घरं जास्त झाली की पेटी कायम रिकामी दिसते, आणि रिकाम्या पेटीकडे दुसऱ्यांदा कुणी येत नाही.

निवडताना सहा कथा-कादंबऱ्या, पाच चरित्रं-आत्मचरित्रं, पाच मुलांची, चार प्रवास किंवा विज्ञानाची, दोन कवितेची असा मेळ घालावा आणि तीन जागा मोकळ्या ठेवाव्यात. त्या तीन जागा इमारतीतल्या घरांनी भरायच्या. स्वतःचं पुस्तक पेटीत असलेला माणूस पेटी सांभाळतो. ज्येष्ठांसाठी निदान तीन पुस्तकं ठळक टाइपाची, १४ पॉइंटच्या आसपासची हवीत; नेहमीचा टाइप त्याहून बराच बारीक असतो आणि "आता वाचायला होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच आजी-आजोबांची अडचण फक्त तेवढीच असते.

एक हिशेब आधी करून ठेवावा. पुस्तक पंधरा दिवसांनी बदलायचं ठरलं आणि एखादं पुस्तक वीसही घरांना हवं झालं, तर एका प्रतीला सगळीकडे फिरायला ३०० दिवस लागतात, म्हणजे दहा महिने. तोवर पहिल्या घरातलं बोलणं विरून गेलेलं असतं, आणि पुस्तकावर बोलायला दोघांनी ते एकाच सुमारास वाचलेलं लागतं. म्हणून पंचवीस वेगवेगळी पुस्तकं घेण्यापेक्षा तेवीस वेगवेगळी आणि त्यातल्या दोन पुस्तकांच्या दोन-दोन प्रती असं करावं. तेच पुस्तक मग पाच महिन्यांत फिरतं आणि जिन्यात त्याच्याबद्दल बोलणं सुरू होतं.

डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेएकवीस सेंटिमीटर उंच, चौदा रुंद. सरासरी जाडी दीड धरली तर पंचवीस पुस्तकांना साडेसदतीस सेंटिमीटर लांबी लागते. आतून ४० बाय २३ आणि १६ उंचीची झाकणाची पेटी पुरते. पुस्तकं आडव्या अंगावर उभी करायची, पाठ वर, म्हणजे झाकण उघडताच सगळी नावं दिसतात. जाड पुठ्ठा-बांधणीची पुस्तकं मात्र अशी ठेवू नयेत; पानांचा भार खाली ओढत राहतो आणि पुस्तक पुठ्ठ्यापासून सुटतं. ती शेजारी आडवी निजवावीत. सगळं मिळून वजन सात-आठ किलो होतं, एका माणसाला जिना चढवता येईल एवढं.

बदलायचा दिवस रविवार सकाळ, असं बहुतेक जण ठरवतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या घरांना ते सोयीचं पडतच असं नाही. साप्ताहिक सुट्टी भलत्याच वारी असते. त्यापेक्षा पेटी एका ठरलेल्या घरी सकाळी तासभर आणि रात्री नऊनंतर अर्धा तास उघडी ठेवली तर पहिल्या पाळीचा आणि दुसऱ्या पाळीचा, दोघांचंही जमतं. नोंदवहीत तारीख, पुस्तकाचा क्रमांक आणि घराचा क्रमांक लिहायचा, बाकी काही नाही. उशिराचा दंड ठेवू नये. चार रुपयांसाठी माणूस ओशाळतो, पुस्तक देतो आणि पुन्हा येत नाही. उशीर झाला तर विचारायचं ते असं: "काकू, पुस्तक कुठपर्यंत आलं?" यात तगादाही होतो आणि गप्पाही.

आता चिठ्ठी. ए-फोर कागदाचे चार तुकडे करावेत, एका पुस्तकाला एक तुकडा. ज्यानं पुस्तक पेटीत घातलं त्यानं तो लिहायचा आणि पहिल्या पानापाशी ठेवायचा, चिकटवायचा नाही. कथानक सांगायचं नाही. "अप्रतिम", "हृदयस्पर्शी", "प्रत्येकानं वाचावं असं" हे शब्द बाद. कुठून सुरू करावं, कुठं जड जातं, कुणाला द्यावं, कधी वाचावं, एवढ्या चार गोष्टी. एखाद्या जाडजूड ग्रामीण कादंबरीची चिठ्ठी अशी असावी:

"पहिली २५ पानं गावाची ओळख आहे, संथ आहेत. कंटाळा आला तर सरळ पान २६ वर या. विहीर खणायला सुरुवात होते, तिथून पुस्तक खाली ठेववत नाही. नात्यांचा गोंधळ होतो, म्हणून मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं वंशावळ काढली आहे. मधल्या भागात एका लहान मुलाचं आजारपण आहे. घरात तसं काही चालू असेल तर हे पुस्तक सध्या राहू द्या. एका बैठकीत पन्नास पानं झाली तर रंग भरतो, रोज चार पानांनी नाही. – बी विंग, दुसरा मजला."

यातलं प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याच्या कामाचं आहे. पंचवीस पानं ओलांडायची मोकळीक मिळाली की अपराधी वाटत नाही, आणि गंमत म्हणजे शेवट झाल्यावर बहुतेक जण ती पानं परत येऊन वाचतात. आजारपणाची आधी दिलेली सूचना हा मला चिठ्ठीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. दुःखात असलेल्या माणसाच्या हाती चुकीचं पुस्तक पडलं तर त्याचा वाचनावरचाच जीव उडतो.

कवितासंग्रहाची चिठ्ठी वेगळी. तिथं फक्त दोन पान क्रमांक द्यायचे, आणि त्यातली एक कविता मोठ्यानं वाचा असं सांगायचं. संग्रह पहिल्या पानापासून ओळीनं वाचायचा नसतो हे कुणीतरी सांगायला लागतं. मुलांच्या पुस्तकावर वय लिहू नये. "आठ ते दहा वर्षं" असं लिहिलं की अकरा वर्षांचा मुलगा हात लावत नाही आणि सात वर्षांच्या मुलीची आई तिला लावू देत नाही. "रात्री दोन बैठकांत वाचून होतं, चित्रं पान सोडून पान आहेत" असं लिहिलं की घरचे बरोबर ठरवतात.

ज्यांना वाचायला होत नाही त्यांना एक पान आवाजात पाठवावं. डेमीच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात. सावकाश वाचलं तर दोन-अडीच मिनिटं लागतात. व्हॉट्सॲपवरचा तेवढा आवाज कुणीही ऐकतं. आधी पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव घ्यायचं, मग पान, आणि प्रसंग अर्ध्यावर न तोडता संपवायचा. दहा मिनिटांचा आवाज पाठवू नये, तो उघडलाच जात नाही.

व्हॉट्सॲपचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. लेखकाचं नाव काढून मजकूर पुढे पाठवणं थांबवा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, त्यांच्याच गावात त्यांनी कधी न लिहिलेल्या ओळी त्यांच्या नावावर फिरतात, आणि दुसरीकडे कुणा नव्या कवीच्या ओळींखाली "संकलित" एवढंच असतं. तपासणं अवघड नाही. ओळीतले सलग पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावेत. कविता असेल तर संग्रहात बघावं. काही संग्रहांच्या शेवटी पहिल्या ओळींची सूची असते, तिथं अर्ध्या मिनिटात कळतं. नाव सापडलं नाही तर पाठवू नये. आख्ख्या पुस्तकाची पीडीएफही पाठवू नये. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. दोन-चार ओळी नावासकट, संग्रहाच्या नावासकट पाठवल्या तर त्या कवीचं पुस्तक विकत घेणारा एखादा तरी निघतो.

पेटीचे शत्रू तीन: पाणी, कसर आणि तेलकट बोटं. तिसऱ्याला उपाय एकच, चिवडा खाताना पुस्तक नको. तेलाचा डाग कागदातून निघत नाही, एका पानाचा तीन पानांवर जातो. पाण्याचं म्हणाल तर नदीकाठच्या घरांनी पावसाळ्यात पेटी तळमजल्यावर ठेवू नये. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, यावरून पूर मोजणारं हे गाव आहे, तेव्हा जास्त सांगायला नको. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकायचं नाही. कागद वाकडा होतो आणि पिवळा पडतो. उभं करून, दर वीसेक पानांमागे टिपकागद किंवा टिश्यू घालून, पंख्याखाली ठेवावं आणि कागद ओले झाले की बदलावेत. चकचकीत आर्ट पेपरची चित्रं असतील तर ती पानं ओली असतानाच एकमेकांपासून अलगद सोडवावीत. एकदा चिकटून वाळली की परत उघडत नाहीत.

कसर लागलेलं पुस्तक पेटीत राहिलं तर बाकीच्या चोवीसांना लागते. बारीक भोकं किंवा पिठासारखा भुगा दिसला की ते वेगळं काढावं, प्लास्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत हवा काढून भरावं आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर हवेतलं बाष्प धरतं आणि कसर जाऊन बुरशी येते. डांबरगोळ्या टाळाव्यात, पेटीत मुलांची पुस्तकं आहेत आणि त्या वाफा चांगल्या नाहीत. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांनी चिकटपट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डाग मात्र अक्षरांवर राहतो. मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी, वर वजन, रात्रभर.

पाच महिन्यांनी पेटी शेजारच्या सोसायटीच्या पेटीशी बदलावी. त्या वेळी इमारतीतल्या घरांनी घातलेली ती तीन पुस्तकं विचारून मगच पाठवावीत, काहींना ती परत हवी असतात. चिठ्ठ्या काढून घेऊ नयेत. फोनवर त्यांचा फोटो काढून ठेवावा आणि मूळ चिठ्ठी पुस्तकातच राहू द्यावी, खाली जागा सोडून. इंदिरानगरातल्या कुणी "पान २६ पासून सुरू करा" असं लिहिलेलं असतं. पेटी पंचवटीत जाऊन परत येते तेव्हा त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात एक ओळ वाढलेली सापडते: "मी पहिल्या पानापासूनच वाचलं. पान ९ वरचं बाजाराचं वर्णन सोडू नका. वंशावळीत धाकट्या जावेचं नाव राहिलं होतं, ते घातलं आहे."